सरकारमान्य बिनकामाचा

माझ्या बायकोच्या लाँड्रीसमोर एक बाक आहे आणि त्या बाकावर मी असतो. थायलंडच्या किनाऱ्यावर, जोमटिएनच्या आमच्या गल्लीत येऊन 'तो बिनकामाचा म्हातारा कुठे राहतो' असं विचारलंत, तर कोणीही तुम्हाला माझ्यापाशी आणून सोडेल. बिनकामाचे म्हातारे गल्लीत पुष्कळ आहेत. इंग्रज आहेत, जर्मन आहेत, फिनलंडचा एक आहे, तो तर आल्यापासून कोणाशी बोललेलाच नाही. पण ते सगळे हौशी. सरकारी कचेरीत, अधिकाऱ्यासमोर, पुराव्यानिशी बिनकामाचा ठरलेला मी एकटाच, आणि याचा मला अभिमान वाटतो म्हणालो तर ते निम्मंच खोटं होईल.

नाव लीवन. मूळचा ओस्टेंडचा, बेल्जियमच्या किनाऱ्यावरचा. तिथून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर मी वाढपी होतो. वाढपी म्हटलं की लोकांना वाटतं, ताटं उचलणारा. अहो, पहिल्या वर्गाच्या टेबलावरचे नॅपकिन माझ्या हातचे असायचे! राजहंस, पंखा, कमळ, जे म्हणाल ते. समुद्र खवळलेला असायचा, प्रवासी पिशव्यांत तोंडं खुपसून बसलेले असायचे, आणि टेबलावर माझे राजहंस ताठ मानेनं उभे. आयुष्यात मला नीट येणारी गोष्ट एवढीच. पुढे कंपनीनं बोटी विकल्या आणि मी उन्हासाठी इकडे आलो. ऊन मिळालं. चानफेनही मिळाली.

चानफेन इसानकडची, म्हणजे या देशाच्या ईशान्येकडची, भातशेतीच्या खेड्यातली. माझ्याहून बरीच लहान, बरीच बुटकी आणि बरीच शहाणी. तिसऱ्या गोष्टीची खात्री ती स्वतः देते.

आम्ही खालचा गाळा घेतला तेव्हा बारचे दिवस होते. इंग्रज पेन्शनर दुपारपासून येऊन बसायचे. आम्ही बार काढला आणि पौंड असा घसरला की पेन्शनर आपापल्या खोलीत बसून दुकानातली बाटली प्यायला लागले. मग गल्लीत रशियन दिसायला लागले. मी म्हटलं, यांना यांचं बीटाचं सूप घालू. चानफेननं ते शिकून घेतलं आणि स्वतःच्या समाधानासाठी त्यात माशाचा सॉस आणि मूठभर मिरच्या टाकल्या. पहिलंच गिऱ्हाईक दोन चमचे खाऊन रडायला लागलं. आम्हाला वाटलं, घरची आठवण आली! पुढे रुबल कोसळला आणि रशियनही आटले. मग चिनी लोकांच्या बस यायला लागल्या. आम्ही ड्युरियनच्या, म्हणजे इथल्या त्या उग्र वासाच्या फळाच्या, वड्या भरल्या, पण बस एवढी मोठी की गल्लीत वळायचीच नाही. त्या वड्या अखेर आम्हीच संपवल्या; वर्षभर उशीला वास येत होता. गांजा मोकळा झाला तेव्हा तेही दुकान थाटलं. तोवर गल्लीतल्या निम्म्या गाळ्यांत गांजाच होता. गिऱ्हाईक कोण? तर शेजारचा दुकानदार. तो आमच्याकडून घ्यायचा, आम्ही त्याच्याकडून. कायदा परत आवळला तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

वरातीमागून घोडं म्हणतात ना? आमचं घोडं मांडव उतरवायच्या वेळी पोचायचं.

दर नव्या धंद्याला देवळातून भिक्खू यायचे, मंत्र म्हणायचे, गाळ्याभोवती पांढरा दोरा फिरवायचे आणि चौकटीवर पांढऱ्या गंधाचे ठिपके काढायचे. थोरले भंतेजी दर वेळी तेच. लाँड्रीच्या वेळी त्यांनी ठिपके काढता काढता विचारलं, "या खेपेला काय विकताय?"

"विकत नाही भंतेजी, कपडे धुतो," चानफेन म्हणाली.

"हे बरं केलंत. कपडे मळायचे काही थांबत नाहीत."

आणि लाँड्री चालली! मला पहिले काही दिवस विश्वासच बसेना. किनाऱ्यालगत नवे उंच उंच मनोरे उभे राहिले होते, त्यांत जगभरची माणसं महिनोन्महिने राहायला आलेली, आणि सगळ्यांना कपडे होते. सकाळी दार उघडायच्या आत पोती दारात पडायची. धुणं यंत्रं करायची, वाळवणंही यंत्रं करायची, पण घड्या घालणारं यंत्र काही नव्हतं. मदतीची बाई गावी गेली ती लग्न करून तिकडेच राहिली. चानफेन एकटी त्या ढिगापुढे बसायची. रात्री तिची मान वळायची नाही.

आणि मी? मी बाकावर. कारण इथला कायदा. परदेशी नवऱ्यानं बायकोच्या धंद्यात काडी इकडची तिकडे करायची नाही. परमिट लागतं, आणि असल्या किरकोळ धंद्याला ते कोणी देत नाही. बार होता तेव्हाही मी काउंटरच्या गिऱ्हाईकाकडच्या बाजूला बसायचो. ग्लास पडला तर उचलायचा नाही, नुसतं "ग्लास पडला" म्हणून ओरडायचं. गल्लीतल्या सगळ्या परदेशी नवऱ्यांची हीच गत. सगळे बसल्या जागेवरून, उंटावरून शेळ्या हाकणारे.

पण दोन हातांवर मऊ, गरम टॉवेलांचा ढीग पडलाय आणि माणूस जन्माचा घड्या घालणारा आहे! हात शिवशिवणार नाहीत तर काय होईल? एका दुपारी गल्ली झोपलेली पाहून मी आत गेलो आणि एक टॉवेल घेतला. नुसता एक. मग दुसरा. चानफेननं पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पडदा ओढ." बस्स. त्यानंतर रोज दुपारी पडद्याआड आमचा चोरीचा संसार चालायचा. ती कपडे वेगळे करायची, मी घड्या घालायचो, रेडिओ चालू असायचा. मी एवढा सुखात आयुष्यात कधी नव्हतो. चानफेनची मान वळायला लागली.

आता एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मनोऱ्यातली गलिना म्हणून एक रशियन बाई होती, आडव्या बांध्याची, हसरी. ती एकदा भलत्या वेळी आली, पडदा सारून थेट आत. मी तिचाच गुलाबी फ्रॉक घडी करत होतो. ती "अरे वा!" म्हणाली. या "अरे वा" नं माझा घात केला. मी तिचा टॉवेल घेतला आणि मिनिटाभरात राजहंस करून तिच्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, परत करा, मला शूट करायचंय. आणि मी, शहाण्यांचा शिरोमणी, परत केला. वर कॅमेऱ्याकडे बघून मान लववली.

गलिनाची त्यात काही वाईट भावना नव्हती. तिनं तो व्हिडिओ फोनवरून जगभर पाठवला, खाली लिहिलं, 'आमच्या लाँड्रीतले काका, हात बघा!' हजारो लोकांनी हात बघितले. त्यांत इमिग्रेशनच्या कचेरीतलेही कोणी होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दोन शिपाई मोटरसायकलवरून आले. अगदी नम्र. हात जोडले, चानफेननं दिलेलं बर्फाचं पाणी प्यायले आणि म्हणाले, उद्या सकाळी काकांना पासपोर्ट घेऊन पाठवा.

बाकावर माझ्या शेजारी ट्रेव्हर बसतो. इंग्लंडात नळ दुरुस्त करायचा, इथे कायदा सांगतो. तो म्हणाला, "देशातून काढतील."

"दंड करतील."

"दंड करतील, मग काढतील. आणि परत यायला बंदी. माझ्या ओळखीच्या एकानं बायकोच्या हॉटेलात एक खुर्ची उचलली होती. एक खुर्ची!"

"मग?"

"आता तो कुठेतरी पोलंडमध्ये थंडीत मरतोय."

"तो पोलंडचा होता का?"

"नाही ना! तेच तर."

ट्रेव्हरचं निम्मं खोटं असतं, पण निम्मं कुठलं ते कळत नाही. मी हसलो, आणि मग हिशेब करायला लागलो. ओस्टेंडमध्ये माझं कोणी उरलेलं नाही. चानफेनला एकदा तिकडे नेलं होतं, जानेवारीत, तर मुक्कामभर ती पांघरुणाबाहेर आली नाही. ती तिथे राहणार नाही आणि मला इथे राहू देणार नाहीत. सत्तरी उलटलेल्या माणसानं भीती वाटली म्हणायला लाजू नये. मला फार भीती वाटली.

चानफेन मात्र संतापली होती. "म्हाताऱ्या, झाकली मूठ सव्वा लाखाची असते! तू ती उघडून साऱ्या जगाला दाखवलीस. वर मान लववलीस!"

"चुकलं."

"उद्या तोंड उघडायचं नाही. मी सांगणार, ह्याला काहीही काम येत नाही. ते हात लावणं म्हणजे खेळ होता. तू नुसता बावळट दिस."

"दिसेन."

"ते जमेल तुला," ती म्हणाली, आणि भाताचं भांडं आदळलं.

कचेरीत आमच्यापुढे ओराथाई नावाच्या मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर खाली, गणवेशाला एक सुरकुती नाही. चानफेन हॉटेलात टॉवेल पोचवायच्या वाटेवरूनच आली होती, खांद्यावर भलंमोठं पोतं घेऊन. ते तिनं टेबलाच्या कडेला ठेवलं, हात जोडले, बसली. मी बावळट दिसायला सुरुवात केली.

मॅडमनं फोन पुढे धरला. "हे हात कोणाचे?"

"ह्याचेच," चानफेन म्हणाली. मी कपाळाला हात लावणार होतो, पण म्हटलं, आज हात जेवढे कमी दिसतील तेवढं बरं.

"आणि हा शेजारी दिसतोय तो फ्रॉक? गिऱ्हाईकाचा?"

"माझा."

मॅडमनं फ्रॉक पाहिला, मग चानफेनकडे पाहिलं. त्या फ्रॉकमध्ये चानफेन तिच्या आईला आणि मावशीला घेऊन बसली असती.

"घरात घालते," चानफेन म्हणाली. "सैल बरा वाटतो, मॅडम."

"लाँड्रीत काम करतात काका?"

"काम? मॅडम, ह्याला काम येत असतं तर मी अशी वाळले असते का?" आणि मग ती सुटली. "भात लावायला सांगितला तर पाणीच घातलं नाही. गॅसचा रिकामा सिलिंडर देऊन पाठवला, तर बाजारात फिरून तोच रिकामा घेऊन परत आला. नळ दुरुस्त करायला घेतला आणि खालचा बार भरून गेला. लोक म्हणतात बार बुडाला, मॅडम, तो खरोखर पाण्यात बुडाला होता! आईच्या गावी नेलं, म्हशीला घाबरून झाडावर चढला. उतरता येईना. शेजारच्यांनी शिडी आणली."

मॅडमनं पेन खाली ठेवलं.

सुरुवातीला मी मान डोलवत होतो. बायको किती छान रचून सांगते, असं कौतुकच वाटत होतं. ठरल्याप्रमाणे ती खोटं बोलणार होती ना? मी वाट पाहत होतो, खोटं कधी सुरू होतंय. ते सुरूच होईना. भात खरा, सिलिंडर खरा, झाड खरं.  एवढी वर्षं हिनं हे सगळं जपून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, विसरली!

"आणि धंदे, मॅडम! सूप काय, वड्या काय, गांजा काय, सगळ्या कल्पना ह्याच्या. सगळ्यांचं वाटोळं."

मॅडमनं पेन परत उचललं. "म्हणजे धंद्यात सल्ला देतात? सल्ला देणं हेही कामच."

चानफेन पुढे सरसावली.  "मॅडम, तुम्ही त्याचे सल्ले ऐकले नाहीत."

मॅडम हसल्या. हसू आवरून म्हणाल्या, "मग ताई, असल्या माणसाला ठेवलाय कशाला?"

"कुत्रा तरी आपण कशाला ठेवतो?" चानफेन म्हणाली. "दारात कोणी बसलेलं असलं की घर घर वाटतं."

मला हे आवडलं की लागलं, ते ठरवायला वेळ मिळाला नाही. कारण मॅडम खुर्चीतून वाकल्या, पोत्याची गाठ सोडली आणि एक पांढरा टॉवेल माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"तुमच्या बायकोचं म्हणणं खरं असेल, तर व्हिडिओतला राजहंस योगायोग होता. करा पुन्हा."

चानफेननं माझ्याकडे पाहून डोळे वटारले. 

मी टॉवेल हातात घेतला. चांगला टॉवेल होता, जाड, कडा सरळ. मी ठरवलं होतं की काहीतरी वेडंवाकडं करायचं, पण हातांना कोण सांगणार? ते आपले चालायला लागले. दोन टोकं मध्याकडे गुंडाळली, उलटवलं, दुमडलं, आणि बघतो तो मान वर यायला लागली, सरळ, डौलदार, बोटीवर यायची तशी. समोर मॅडम अगदी पुढे झुकून बघत होत्या. सरकारी अधिकारी माझी घडी बघतोय, हेही मला तेवढ्यात सुखावून गेलं. एवढा मी मूर्ख.

मग चानफेनकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून तिनं मांडीवर हात जोडले होते आणि ओठ हलत होते. बारच्या वेळी, सुपाच्या वेळी, कुठल्याही उद्घाटनाच्या वेळी मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी ती मान दाबली. हातांना ते कळेना, त्यांनी ती परत उभी केली. मी परत दाबली, पिळली, एक टोक ओढून काढलं, आणि जे झालं ते टेबलावर ठेवलं. ट्रकखाली आलेली कोंबडी असते ना, ती.

"हे काय?" मॅडमनं विचारलं.

"राजहंस," मी म्हणालो.  बोटीवर एखाद्या शिकाऊ पोऱ्यानं असलं काही केलं असतं, तर मी त्याला समुद्रात ढकललं असतं.

मॅडमनं त्या कोंबडीकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. त्या मूर्ख नव्हत्या. मान वर येताना त्यांनी पाहिली होती, दोनदा. त्यांनी टॉवेल झटकला आणि पोत्यात परत टाकला.

"ताई, तुमचं खरं आहे. यांना काही येत नाही." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "काका, मला तुम्ही बाकावरच दिसायला हवे. हे हात त्या दुकानात पुन्हा दिसले, तर मला माझं काम करावं लागेल."

"नाही दिसणार," मी म्हणालो.

बाहेर येऊन चानफेननं पोतं स्कूटरवर चढवलं. मी मदतीला हात पुढे केला, तिनं तो चापट मारून मागे ढकलला. कचेरीचं फाटक ओलांडलं. मग ती एवढी हसली की स्कूटर बाजूला घ्यावी लागली. "कोंबडी!" म्हणायची आणि परत हसायची. मीही हसलो. हसायलाच हवं होतं. राहायला मिळालं होतं!

आणि तरी घरी येऊन बाकावर बसलो तेव्हा हातांचं काय करावं कळेना. मांडीवर ठेवले, खिशात घातले, डोक्यामागे घेतले. आत पडद्याआड चानफेन एकटीच घड्या घालत होती, रेडिओ लावलेला नव्हता. ट्रेव्हरनं सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाला, "चला, तू आता अधिकृत निरुपयोगी. अभिनंदन." दुसरा कोणी काय म्हणणार? दिवस जात होते. मी घरातल्या माझ्या स्वतःच्या शर्टाचीही घडी घालेनासा झालो, खुर्चीवर टाकून द्यायचो. चानफेन ते शर्ट उचलायची, तरी मी शर्ट टाकतच राहिलो. रुसलो होतो. कोणावर, ते माहीत नाही.

एका संध्याकाळी तिनं शटर लवकर ओढलं. वर आली, पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि आतली सगळी लुगडी पलंगावर उपडी केली. तिच्या गावाकडची, हातमागाची, कमरेला गुंडाळायची. आईनं विणलेली, आजीनं विणलेली, लग्नातली. या कपड्यांना मी एवढ्या वर्षांत बोट लावलेलं नाही. त्यांच्याकडे समज अशी की बाईच्या कमरेखालच्या वस्त्राला पुरुषानं हात लावला की त्याचं नशीब जातं. चानफेन ती वेगळी धुते, मागच्या गच्चीत वाळत घालते, आणि दोरीखालून मी जाऊ लागलो तर केस धरून मागे ओढते.

"घाल घड्या," ती म्हणाली. "हे घर आहे. इथे मॅडमचा कायदा नाही."

"अगं पण माझं नशीब?"

"तुझे सगळे धंदे मी पाहिलेत, म्हाताऱ्या. नशीब असतं तर एव्हाना दिसलं असतं. घाल."

मी पहिलं लुगडं उचललं. निळीचं, काठाला बारीक नक्षी. एवढ्या दिवसांत हात अवघडले होते. काठ काठाला जुळवला, मधली चुणी काढली, घडी घातली आणि बाजूला ठेवली. दुसरं घेतलं. चानफेन पलंगाच्या पलीकडच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसली होती, पाय दाबत. मी घालत गेलो. हात कधी सरळ झाले मला कळलं नाही. खिडकीत उजेड होता तो गेला, दिवा लावला, आणि तरी ढीग काही सरेना. मला वाटलं, एवढी लुगडी हिनं आणली कधी? मग त्या निळीच्या लुगड्याचा काठ पुन्हा माझ्या हातात आला.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती पलीकडून एकेक घडी हळूच ओढून घेत होती, उलगडत होती, आणि न बघता परत ढिगात सारत होती.

मी काठाला काठ लावला आणि घडी घातली.